राळेचा धूर

भाऊ गेल्यानंतर त्याची मोटारसायकल मी पहिल्यांदा अंगणात चालू केली, तेव्हा तिने इतका धूर सोडला की गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "मास्तर, गाडी पेटवलीत की चूल?"

 त्या दिवसांत मला कुणाशीच बोलावेसे वाटत नसे. धूर पांढुरका होता, त्यात निळसर झाक होती, आणि तो जड होता. पावसाळी हवेत तो वर जाईना. अंगणात गुडघाभर साचून राहिला आणि हळूहळू पडवीत शिरला. पडवीत आई बसली होती. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "त्याचीच गाडी हाय. वाससुद्धा बघ कसा देवळासारखा येतो."

वहिनी दारात उभी होती. तिने पदर नाकाला लावला, गाडीकडे पाहिले आणि मला एवढेच विचारले, "भावजी, ही चढाव चढेल?"

माझा भाऊ डॉक्टर होता. आमचे वडील तांडेल. मुंबईपासून मलबारपर्यंत त्यांनी शिडाचे मचवे नेले, पण मुलांना मात्र समुद्राकडे पाठ करून बसवले आणि शिकवले. मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. भाऊ वैद्यकी शिकून आला तो येताना दोन गोष्टी घेऊन आला: मुंबईच्या इस्पितळात प्रसूतीचे काम शिकलेली बायको, आणि एका साहेबाने विकायला काढलेली मोटारसायकल. गाडीला बाजूला एका चाकाची खुर्ची जोडलेली होती. होडी कलंडू नये म्हणून तिला बाजूने उलांडीचे लाकूड बांधतात, तशी ती दिसे. म्हणून आमच्या वाडीत तिला सगळे उलांडीच म्हणत. भाऊ गाडी चालवी आणि वहिनी आपली पेटी मांडीवर घेऊन उलांडीत बसे. रत्नागिरीभोवतालच्या गावांत जिथे जिथे बाई अडली, तिथे ही जोडी पोचत असे. एकेकदा फक्त वहिनीचेच काम असे, आणि भाऊ बाहेर गोठ्याच्या खांबाला टेकून वाचत बसे.

ज्येष्ठ संपता संपता विषमज्वराने तो गेला. इतरांचा ताप उतरवत हिंडणाऱ्या माणसाचा ताप आम्हाला उतरवता आला नाही.

हातखंब्याच्या पुढे, नदीकडच्या मोठ्या चढावापलीकडे एक वाडी आहे. तिथल्या एका बाईची दोन बाळंतपणे वाईट झाली होती. दोन्ही वेळा बैलगाडी अर्ध्या वाटेवर असतानाच मूल गेले होते. या खेपेला भावाने आणि वहिनीने तिला वैशाखातच तपासून सांगितले होते, "कळा सुरू झाल्या की माणूस धाडा. आम्ही येतो." तिचे दिवस श्रावणात भरणार होते. भाऊ आता येणार नव्हता. पण 'आम्ही' या शब्दात आपणही होतो, एवढेच वहिनी म्हणत होती.

नाटे गावाहून दिवसकार्याला आलेले काका पावसामुळे अडकले होते. ते आमच्याकडे राहून सगळ्यांची व्यवस्था लावत होते. "सुनेला सावर्ड्याला माहेरी पोचवा," ते म्हणत. "आणि ते धूड विका. बाईमाणसानं आता कुणाच्या जिवावर डोंगर पालथे घालायचे?"

"भावजींच्या," वहिनी म्हणाली.

काका माझ्याकडे बघून हसले. माझ्या जाड चष्म्याकडे आणि हडकुळ्या हातांकडे बघून कुणीही हसले असते. भावाने मला गाडी चालवायला शिकवली होती, पण ती मैदानापुरतीच. "बरं," काका म्हणाले. "चढाव चढून दाखव. चढलास तर मी तोंड उघडणार नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. सपाटीवर गाडी रडतखडत का होईना, चालली. मागे धुराचा पडदा इतका दाट होता की समोरून आलेल्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारले, "काय मास्तर, आरती कुठल्या देवाची?" चढाव लागला तशी गाडीतून टकटक असा आवाज येऊ लागला, जणू आतून कुणी हातोडीने पत्रा ठोकत होते. पहिल्या वळणावर तिचा दम गेला. दुसऱ्या वळणावर ती बंद पडली. वहिनी उतरली, पदर खोचला, आणि आम्ही दोघांनी ते लोखंड पावसात वळवून उताराला लावले. परतताना ती म्हणाली, "आज उमगलं ते बरं झालं. त्या दिवशी उमगलं असतं तर?"

काकांनी एकदा गाडीकडे पाहिले आणि पानाला चुना लावत बसले. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

माझी सवय अशी की काही अडले की पुस्तक उघडायचे. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक भावाच्या कपाटात होते. त्यात धुराचे रंग दिले होते. काळा धूर आला तर समजावे की हवा कमी आणि पेट्रोल जास्त आहे. निळा आला तर इंजिनातले तेल जळते आहे. पांढरा आला तर पाणी किंवा घासलेट. आमचा धूर पांढराही होता आणि निळाही, आणि पुस्तकाप्रमाणे एकाच वेळी दोन्ही असायला नको होते. मग वाचनालयात जाऊन मी मोटारींची मासिके चाळली. तिथे मला ऑक्टेन हा शब्द भेटला. इंजिनात पेट्रोल दाबले जाते तेव्हा ते ठिणगी पडण्याआधीच आपोआप पेटू नये, याची ताकद किती, ते दाखवणारा हा आकडा. आकडा कमी असला की इंजिन ठोकते, म्हणजे तीच टकटक. वाचून मला फार बरे वाटले. दुखण्याला नाव मिळाले की अर्धे बरे वाटते, हे डॉक्टरच्या घरात राहून मला ठाऊक होते.

मी ठरवले की आपले पेट्रोल हलक्या आकड्याचे आहे.

हे पेट्रोल कुठून आले होते ते सांगायला हवे. आमच्याकडे पेट्रोल बोटीने येई. बोट बंदराबाहेर उभी राही आणि डबे पडावांतून, लहान होड्यांतून, किनाऱ्यावर उतरवत. पावसाळ्यात बंदर बंद. आंबा घाटातून एखादे पिंप येई, तेही रस्ता वाहून गेला नाही तर. म्हणून भाऊ वैशाखातच चार महिन्यांची बेगमी करी. यंदाही त्याने डबे भरून, तोंडे बंद करून माळ्यावर आडवे रचून ठेवले होते. त्याने स्वतःच्या हाताने आमच्यासाठी भरून ठेवलेली ती शेवटची वस्तू होती. त्यातला एक डबा मी काढला होता. बाकीचे वर होते. आई रोज शिडीखाली उभी राहून वर बघत असे.

गावातल्या एका वकिलांची मोठी मोटार होती. तिच्यासाठी ते उंची, लाल रंगाचे पेट्रोल मुंबईहून मागवत. त्यांच्या मुलाला मी मॅट्रिकसाठी शिकवले होते. मी एक डबा मागितला आणि त्यांनी तो दिला, वर म्हणाले, "मास्तर, हे म्हणजे बैलाला बदाम. बघा मानवतात का."

लाल पेट्रोल घालून आम्ही पुन्हा निघालो. टकटक थांबली. मी आनंदाने बाजूला वळून वहिनीकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती, धुराकडे बघत होती. धूर पातळ झाला होता, पण गेला नव्हता. चढावावर गाडी या खेपेला तिसऱ्या वळणापर्यंत गेली, आणि घशात कफ अडकल्यासारखी घरघरत बंद पडली.

"आकडा चांगला होता ना?" वहिनीने विचारले.

"सगळ्यांत चांगला."

"मग दुखणं आकड्याचं नाही."

ती हे टोचून बोलली नाही. नाडी लागली नाही तर डॉक्टर दुसऱ्या हाताची बघतो, तसे बोलली. पण मी पार खचलो. त्या संध्याकाळी मी ओटीवर बसून काकांना सांगून टाकणार होतो की गाडीला गिऱ्हाईक बघा.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. डास फार झाले होते, म्हणून आईने खापरीत निखारे घेतले आणि त्यावर चिमूटभर राळ टाकली. पावसाळ्यात आमच्या घरी रोजच हे होई. धूर उठला, पांढुरका, जड, आणि पडवीतून अंगणाकडे सरकू लागला.

वहिनी विहिरीवरून कळशी घेऊन येत होती. ती वाटेतच थांबली. कळशी खाली ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "हा वास."

"राळेचा."

"गाडीचा."

मी उठून उभा राहिलो. इतके दिवस तो वास आम्ही सगळेच घेत होतो. पण सुतकाच्या घरात धूप सारखा जळतच असतो, आणि आमच्या घरात तर राळ लहानपणापासूनची. तो वास कुठून येतो, हे विचारायचे कुणाला सुचलेच नव्हते. आईला तो देवळासारखा वाटला आणि आम्ही तसेच समजून चाललो.

मी शिडी लावून माळ्यावर गेलो आणि एक डबा झरोक्याच्या उजेडाकडे ओढला. तोंडावर पिवळट तपकिरी लगदा थापलेला होता, कडेकडेने नीट दाबलेला. तांडेलाच्या घरात पावसाळ्याआधी सगळे काही राळेने बंद होते. होडीच्या फळ्यांची सांध कापूस आणि राळ भरून बुजवायची. मिठाच्या बरणीचे झाकण राळेने. लोणच्याचे तेच. राळ कुटायची, खोबरेलात मळायची आणि अंगठ्याने दाबत जायचे. वडिलांनी आम्हा दोघांना ते शिकवले होते. राळेतून समुद्र आत येत नाही, असे ते म्हणत, आणि ते खरे होते. भाऊ शिकला-सवरला डॉक्टर, पण डब्यात ओल शिरू नये म्हणून त्याचा हात आपोआप राळेकडेच गेला. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने असे केले नसते.

राळेला पाणी विरघळवत नाही. पेट्रोल विरघळवते. आणि डबे कलंडू नयेत म्हणून त्याने ते मचव्यात ठेवतात तसे आडवे ठेवले होते. वैशाखात कौलांखाली तापत, पेट्रोल त्या राळेला टेकून पडून राहिले होते.

तरी वहिनी म्हणाली, "वासावरून निदान करायचं नसतं." तिने भावाच्या खोलीतून त्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणल्या. एका पट्टीवर उघड्या डब्यातला एक थेंब, दुसरीवर वकिलांकडच्या लाल पेट्रोलचा. खिडकीत ठेवल्या. लाल थेंब उडून गेला आणि मागे जवळजवळ काही उरले नाही. आमचा थेंब उडाला, पण पिवळे, चिकट कडे ठेवून गेला. तिने त्याला बोट लावले. बोट काचेला चिकटले.

हाच चिकटा गाडीच्या टाकीत होता, नळीत होता, आणि ज्या सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनात जाते त्या जेटमध्ये होता. लाल पेट्रोल घातले तेव्हा त्याने तो थोडा धुऊन पुढे नेला, एवढेच.

"आता हे डबे काढायला हवेत," मी म्हणालो.

आई आतून बाहेर आली. "कोण काढतो बघते मी," ती म्हणाली. "त्याच्या हातचं हाय ते. तुम्हाला जळत नसलं तर नका जाळू. पण माळ्यावरून एक डबा खाली आला तर मी जेवणार नाय."

काकांनी पान थुंकले. वहिनीने आईचा हात धरला. "राहू देत तिथं," ती म्हणाली. "मला फक्त गाडी हवीय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही पडवीत गोणपाट पसरून गाडी खोलली. पुस्तकातले चित्र समोर ठेवले होते. वहिनीचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते. टाकी, नळी, जेट, झडप, सगळे उरलेल्या लाल पेट्रोलने धुतले. मुंबईहून आलेले ते उंची पेट्रोल काळेपिवळे होऊन परातीत उतरत होते.

आई उंबऱ्यावर बसून बघत होती. "वकिलाचं पेट्रोल," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यानं भांडी घासता गो?"

"भांडी स्वच्छ नसली तर उंची तांदूळ घालून काय करायचं, आई?" वहिनी म्हणाली.

आता घालायचे काय, हा प्रश्न उरला. पुस्तक मी पुन्हा वाचले, आणि या खेपेला जरा सावकाश. आमची गाडी जुनी. तिच्यात पेट्रोल फार दाबले जात नाही. मोठ्या आकड्याची तिला गरजच नव्हती. आत जळून बसलेली, टकटक घडवणारी राळेची पुटे गेली की साधे पेट्रोल पुरे होते. मात्र साधे म्हणजे भेसळीचे नव्हे. घासलेटाचा आकडा इतका खाली असतो की थोडे जरी मिसळले तरी टकटक परत येणार. गाडीला मानवेल ते पेट्रोल, सगळ्यांत भारी ते नव्हे, एवढे साधे ते होते. ते कळायला मला तो चढाव दोनदा अर्धवट सोडावा लागला.

बाजारातल्या दुकानदाराकडे घाटावरून पिंप आले होते. वहिनी काचपट्टी घेऊनच गेली. मी मागे डबा धरून उभा होतो. तिने थेंब घेतला आणि फुंकर न घालता वाट बघत उभी राहिली. दुकानात आणखी दोघे-तिघे जमले.

"काय डॉक्टरीणबाई," दुकानदार म्हणाला, "पेट्रोललाही ताप भरला काय?"

तिने पट्टी उजेडाकडे धरली. काचेवर तेलकट डाग पसरलेला होता. "ताप नाही, जुलाब," ती म्हणाली. "पातळ झालंय. घासलेट किती पाजलंत?"

लोक हसले. दुकानदारही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वरच्या वर थोडं... पावसाळ्यात पुरवठा धरायला लागतो, बाई. तुम्हाला कुठं जायचंय?"

तिने वाडीचे नाव सांगितले, आणि कशासाठी तेही सांगितले. त्याने हातातले माप खाली ठेवले. मग आत गेला आणि मागच्या खोलीतून सील न फोडलेला डबा घेऊन आला. "ह्याच्यात घाला तुमची काच," तो म्हणाला. त्या थेंबाने काचेवर काही ठेवले नाही.

नंतर बरेच दिवस कुणी बोलावले नाही. मी रोज संध्याकाळी गाडी अंगणात चालू करून धुराच्या नळीमागे पांढरा रुमाल धरत असे. रुमालावर फिकट करडा डाग पडे, चिकट नव्हे. काका लांबून बघत.

मग एका सकाळी, मी शाळेला निघायच्या बेतात असताना, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक माणूस दारात उभा राहिला. तो त्या बाईचा दीर होता. अंधारातच निघून चालत आला होता. "कळा सुरू झाल्या," तो म्हणाला. "डॉक्टर नाहीत, ते ठाऊक हाय आम्हाला. बाई येतील काय?"

वहिनीने पेटी उचललेलीच होती. मी दिराला मागच्या सीटवर बसवले. तो कधी मोटारसायकलवर बसला नव्हता. माझ्या कमरेला त्याने अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना.

"मास्तर, ही उडत नाय ना?" त्याने विचारले.

"नाही."

"मग एवढी बोंबलते कशाला?"

पाऊस बारीक होता. चढाव लागला तेव्हा मी गाडीचा आवाज ऐकत होतो, दुसरे काही नाही. पहिले वळण गेले. दुसरे गेले. तिसऱ्यावर, जिथे ती घरघरून मेली होती तिथे, तिचा आवाज जाड झाला आणि मी मूठ सैल सोडू लागलो. उलांडीतून वहिनी म्हणाली, "सोडू नका, भावजी. ती चढतेय." मी सोडले नाही. माथ्यावर पोचल्यावर मी मागे पाहिले. ओला लाल रस्ता खालपर्यंत स्वच्छ दिसत होता. धूर नव्हता.

वाडीच्या तोंडाशी गाडी ठेवून पुढे बांधावरून चालत जावे लागले. वहिनी घरात गेली. मी गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. याच खांबाला भाऊ टेकायचा असेल का, असे वाटले, पण तो इथे एकदाच, तिला तपासायला आला होता. खिशात पुस्तक होते. मला ते उघडता आले नाही. आतून बाईचे ओरडणे, वहिनीचा सारखा एकाच पट्टीतला आवाज, आणि मध्येच सासूचा नवस. दुपार कलली. मग ते ओरडणे थांबले आणि दुसरे, बारीक, चिडलेले रडणे सुरू झाले.

दीर आवाराच्या चिखलातून दाराकडे धावला. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आली, कोपरापर्यंत ओले हात पुसत. "पायाळू होतं," ती म्हणाली. "दोघी ठीक आहेत." आणि मग, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा, ती माझ्यासमोर रडली. मी तिला रडू दिले.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणातच होती. मुलगा की मुलगी, हे तिने विचारले नाही. गाडीजवळ आली, धुराच्या नळीपाशी वाकली आणि वास घेतला.

"नाय येत," ती म्हणाली.

"नाही, आई."

ती तशीच थोडा वेळ वाकलेली राहिली. काका ओटीवर होते. त्यांनी तोंड उघडले, आणि दिलेला शब्द आठवून मिटले.

"डबे काढ खाली," आई मला म्हणाली.

मी एकेक डबा उतरवला. खाडीवर आमच्या ओळखीचा एक सुतार होता. नारळी पौर्णिमेआधी त्याची होडी डागडुजीला काढली होती. राळ विरघळलेले ते पेट्रोल लाकडाला लावायला त्याला चालणार होते. राळ होडीला लागेल, हे मी आईला सांगितले. तिने मान हलवली. मग तिने विळीच्या टोकाने डब्यांच्या तोंडावरचा लगदा खरवडून काढायला सुरुवात केली. प्रत्येक थराच्या मधोमध एक ठसा होता. भावाच्या अंगठ्याचा. रेषासुद्धा दिसत होत्या. मला वाटले, हे ती जपून ठेवील, निदान एखादा तरी. वहिनीने तर हातातला रुमालही पसरला.

आईने ते तुकडे रुमालात घेतले नाहीत. मुठीत धरले. तिन्हीसांज झाल्यावर तिने खापरीत निखारे घेतले आणि मूठ त्यावर उघडली.

"आई," मी म्हणालो.

"राळ हाय," ती म्हणाली. "जाळायचीच असते."

धूर उठला, पांढुरका, जड, आणि पडवीतून अंगणात उतरला. वहिनी पेटीतली हत्यारे उकळायला ठेवत होती. चढावापलीकडच्या दुसऱ्या वाडीतूनही एक निरोप आला होता.